झाकण लावा आधी

झाकण लावा त्या डब्याला आधी. आणि बसा. खुर्च्या तीनच आहेत, चौथ्यानं सतरंजीवर बसलं तर डिझाइनच्या पदवीला काही होत नाही. चहा नंतर. आधी ऐकायचं, मधे बोलायचं नाही, आणि ते फोन उपडे ठेवा.

परवा तुम्ही हा डबा माझ्याकडे टाकून गेलात. ‘मॅडम, फक्त पानभर अभिप्राय हवा, प्रोजेक्टला जोडायचा आहे.’ पानभर! एकतीस वर्षं मी या नागपुरात पोरांना वाचायला शिकवलं, त्यातली शेवटची अठरा वाचता न येणाऱ्यांनाच. पानभरात काय मावतं ते मला पाठ आहे: ‘उपक्रम स्तुत्य आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ ते माझ्याकडून लिहून मिळणार नाही.

डबा देखणा आहे, हे कबूल. कोपरे गोल, आत मखमली कप्पे, चुंबकाचं झाकण. लग्नात सुकामेवा देतात तशी पेटी. वर नाव इंग्रजीत, कारण आतलं साहित्य मराठी मुलांसाठी आहे! झाकणाच्या आत आइन्स्टाइनचं चित्र आणि खाली ओळ की हाही डिस्लेक्सिक होता. कोणी सांगितलं तुम्हाला? त्याला डिस्लेक्सिया होता याचा धड पुरावा नाही. इंटरनेटवर एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उचललं, तुम्ही छापलं. आणि खरंच असता तरी काय? तिसरीतला पोरगा ‘घर’ आणि ‘धर’ यांत अडकलाय, त्याच्यासमोर तुम्ही सापेक्षतावादवाला उभा करता. त्याला धीर येत नाही त्यानं. त्याला एवढंच कळतं की आपल्याकडून आता आणखी काहीतरी मोठं अपेक्षित आहे.

आता पहिला प्रश्न. हा डबा किती मुलांच्या हातात गेला? ‘सर्वेक्षण केलं’ हे उत्तर नको. चाळीस पालकांना फोनवर अर्ज पाठवला, त्यांनी बोटानं टिकल्या मारल्या, तुम्ही त्याचा रंगीत गोल काढलात. मूल कुठाय त्यात? एकाही मुलाशेजारी तासभर बसला नाहीत तुम्ही. बसला असता तर हा डबा असा झालाच नसता.

मी काल बसवलं एकाला. नाव सांगणार नाही, चौथीत आहे, गणेशपेठेतून येतो. त्यानं वरचं कार्ड उचललं, तिरकं केलं, पुन्हा तिरकं केलं, आणि म्हणाला, ‘मॅडम, हे चमकून राहिलं.’ ट्यूबलाइटचा पट्टा नेमका अक्षरावर. चकचकीत लॅमिनेशन केलंत ना? दिसायला झकास, वाचायला आरसा. मग त्यानं कार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं ट्रॅक्टर काढला. तुमच्या डब्याचा आजवरचा एकमेव उपयोग तो.

पण लॅमिनेशन ही किरकोळ चूक आहे, पन्नास पैशांत सुधारते. मुळात घोडं कुठं पेंड खातं ते बघा. अर्धी कार्डं आरशातल्या अक्षरांची आहेत. अक्षर डावीकडे तोंड करून, अक्षर उजवीकडे तोंड करून, ‘बरोबर कोणतं ते ओळख’. हे कुठून आलं? २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला, सगळ्या देशानं रडून घेतलं, आणि तेव्हापासून डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं नाचतात आणि उलटी दिसतात, हा समज पक्का झाला. सिनेमानं चांगलंच काम केलं, त्याच्याआधी हा शब्द शिक्षकांच्या खोलीत फारसा कोणाला माहीत नव्हता. पण सिनेमा बघून औषध देत नाहीत.

हा समज सिनेमाच्याही आधीचा आहे. १९२५ साली अमेरिकेतल्या सॅम्युअल ऑर्टन नावाच्या डॉक्टरानं मांडलं की मेंदूच्या दोन अर्धांच्या ओढाताणीत अक्षरं उलटी होतात. त्याची शिकवण्याची रीत चांगली निघाली, ती अजून टिकली आहे. कारण मात्र चुकलं. सत्तरच्या दशकात व्हेलुटिनो नावाच्या संशोधकानं एक साधा प्रयोग केला. वाचनात मागे पडलेल्या अमेरिकन मुलांना त्यानं हिब्रू शब्द दाखवले, त्यांनी कधी न पाहिलेली लिपी, आणि म्हणाला, आठवून काढा. त्यांनी चांगल्या वाचणाऱ्या मुलांइतकंच नीट काढलं. म्हणजे डोळा ठीक होता. अडचण होती आकाराला आवाज चिकटवण्यात. कान आणि अक्षर यांची गाठ बसत नव्हती.

आणि तुमच्या अख्ख्या डब्यात कानासाठी काय आहे? टाळ्यांचा एक खेळ. त्यावर येते मी, त्याचीच तर सगळ्यात जास्त लाज वाटायला हवी.

आधी आकारांचं संपवू. इंग्रजीत बी आणि डी एकमेकांची आरशातली सावली आहेत, म्हणून तिकडच्या साहित्यात त्यांचा एवढा बोलबाला. देवनागरीत अशा आरशातल्या जोड्या जवळजवळ नाहीतच. आपल्या लिपीत मूल गोंधळतं ते एका गाठीवर, एका रेघेवर. भ आणि म. घ आणि ध. ब आणि व. थ आणि य. प आणि ष. ट, ठ, ढ ही तर सख्खी भावंडं. आणि ख. खच्या खालचा पाय जोडलेला नसला की तो ‘रव’ होतो. तुम्ही निवडलेल्या त्या फॅशनच्या फॉन्टमध्ये तो पाय हवेत लटकतोय. कार्ड क्रमांक अकरा काढा. हं. काय लिहिलंय? ‘खा’? मला ‘रवा’ दिसतो. केळं खाणाऱ्या माकडाचं चित्र नसतं तर तुम्हालाही रवाच दिसला असता.

आणि ही जी तुम्ही ग, म, भ, न एका पानावर मांडलीत, ती जुनी गमभनची वाट. हात वळवायला ती उत्तम आहे, एक आकार आला की दुसरा त्यातून निघतो. पण ओळखायला? ज्या पोराला भ आणि म वेगळे करताना घाम फुटतो त्याच्यासमोर तुम्ही दोघांना शेजारी बसवलंत, एकाच दिवशी, एकाच रंगात. म आज शिकवा. तो इतका पक्का होऊ द्या की झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. भ तीन आठवड्यांनी आणा. दिसायला सारखी अक्षरं लांब लांब शिकवायची, हे वर्गात उभं राहिल्याशिवाय सुचत नाही. तुमच्या संगणकावर ती एका ओळीत छान दिसली, म्हणून एका ओळीत आली.

आता टाळ्या.

कार्डावर कमळाचं चित्र, खाली तीन हात. क, म, ळ, तीन टाळ्या. काल त्या पोराला मी म्हटलं, कमळ म्हण आणि टाळ्या वाजव. त्यानं वाजवल्या दोन. क, मळ. तुमच्या उत्तराच्या पट्टीनुसार तो चुकला. चुकला का? म्हणा बघू तुम्ही सगळे, मोठ्यांदा. क-मळ. बोलताना शेवटचा अ आपण गिळतो, ‘घर’ एका दमात म्हणतो, घ आणि र असं कोणी म्हणत नाही. पोराचा कान शाबूत होता, तुम्ही त्याला फुली मारलीत. डिस्लेक्सियाच्या मुलाला जगानं आधीच इतक्या फुल्या मारलेल्या असतात की जिथं तो बरोबर आहे तिथं तरी मारू नये. मी पट्टी घेऊन तुमच्याच हातावर मारली असती, पूर्वीचे दिवस असते तर.

आणि ‘रस्ता’? बोलताना रस्, ता. लिहिताना र, स्ता. टाळ्या दोन्हीकडे दोनच, पण तुटतो वेगळ्या जागी. तोंड स ला र च्या गळ्यात बांधतं, लिपी त्याला त च्या कडेवर बसवते. मराठी वाचताना डिस्लेक्सियाचं मूल बहुतेक वेळा इथं कोसळतं. सुट्या अक्षरांवर ते कसंबसं निभावतं, पहिली-दुसरी पार पडते, घरचे म्हणतात जरा आळशी आहे, सुधारेल. तिसरीत जोडाक्षरांचे धडे येतात आणि पोरगं दप्तर लपवायला लागतं. जोडाक्षरासाठी त्याला अक्षराच्या पोटात शिरून आवाज वेगळा काढावा लागतो: स्ता म्हणजे स्, त्, आ. तेच तर त्याला जमत नाही! आणि तुमच्या डब्यात जोडाक्षरांना किती जागा? शेवटचं एक कार्ड. क्ष आणि ज्ञ, सोनेरी कडेत. दोनच अक्षरं, ती सोन्यात, आणि स्त, ल्ल, च्च, न्य यांना प्रवेशच नाही.

र ला किती कार्डं दिलीत? एक. र रथाचा. बरं, उद्या सकाळी उठून गणेशपेठच्या एसटी स्टँडवर जा. तिकीट काढू नका, फक्त पाट्या वाचा. रामटेक, तिथं र पूर्ण आहे. चंद्रपूर, तिथं तो द च्या पायाशी तिरकी रेघ होऊन लोंबतो. वर्धा, तिथं ध च्या डोक्यावर चढून बसतो. गाडीच्या अंगावर महाराष्ट्र, तिथं ट च्या खाली काकपदासारखा. अमरावतीकडच्या कुऱ्ह्याला जायचं तर आणखी निराळा. एकच आवाज, पाच सोंगं. आणि बर्डी? रोज दहा वेळा बर्डी म्हणणारं पोर आहे ते कालचं, बर्डीवरून बस बदलतं. मी त्याला बर्डी लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं ‘र्बडी’. रफार ब वर. तुम्ही हसताय. हसू नका, तो तुमच्यापेक्षा प्रामाणिक आहे. त्याला र ऐकू आला ब च्या लगेच मागे, म्हणून त्यानं तो ब वर ठेवला. आपली लिपी मात्र त्याला ड ओलांडून, वेलांटीसुद्धा ओलांडून, पार शेवटी टांगते. आवाजाचा क्रम एक आणि डोळ्याचा क्रम दुसरा. पहिली वेलांटीही अशीच. ‘किरण’ म्हणताना तोंडात क आधी, कागदावर वेलांटी आधी. ही आपल्या लिपीची खोड आहे, मुलाची नाही, आणि साहित्य करायचं ते या खोडीवर करायचं. ब, र्, डी अशा तीन ठोकळ्या घ्या, बोलण्याच्या क्रमानं मांडा, मग र् ची ठोकळी मुलाच्या हातानं उचलून ड च्या डोक्यावर ठेवायला लावा. ती कशी उडी मारते ते त्याच्या बोटांना कळू दे. बर्डी, वर्धा, आर्वी. एका आठवड्याचा धडा झाला. तीन लाकडाच्या चिपा लागतात, चुंबकाचं झाकण लागत नाही.

च चं कार्डही बघितलं. चाक आणि चंद्र, एकाच अक्षराखाली. म्हणा दोन्ही. चाकाचा च दातांत लागतो, चंद्राचा टाळूला. लिपीत दोघांना एकच अक्षर, कानाला दोन. ज्याचा कान आधीच धडपडतोय त्याच्या पहिल्याच कार्डावर दोन निरनिराळे आवाज ठेवून त्याला ‘हा च’ म्हणून सांगता? चाक, चाळणी, चादर एका दिवशी, चंद्र, चार, चित्र दुसऱ्या. ज चंही तेच: जाळं एकीकडे, जीभ दुसरीकडे.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण ही चूक पुण्या-मुंबईच्या लोकांकडून झाली तर मी समजून घेते. तुम्ही इथले. तुमच्या चुकांच्या तपासणी-तक्त्यात ‘डोया’ हा शब्द ‘अक्षर-अदलाबदल, डिस्लेक्सियाचं लक्षण’ म्हणून घातलाय. बाप्पा! तुमच्या आजीला विचारा की डोळ्याला काय म्हणतात. वऱ्हाडापासून इथपर्यंत किती घरांत ळ चा य होतो: काया, केयी, पयाला. ण चा न होतो, पानी. ज्या घरात पानीच पितात, त्या घरचं पोर ‘पानी’ लिहील नाहीतर काय लिहील? ते कानानं बरोबर लिहितंय. त्याला प्रमाणभाषा शिकवायची ती वेगळी गोष्ट, सावकाश शिकवू. पण बोलीला आजार ठरवणारा तक्ता छापून तुम्ही वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत वाटलात, तर निम्म्या वर्गाला डिस्लेक्सिया होईल, आणि खरी दोन मुलं त्या गर्दीत हरवतील. सगळ्या भाषांमधल्या शाळकरी मुलांत शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असते असा अंदाज आहे. चाळीसच्या वर्गात दोन तरी. मागच्या बाकावर, खिडकीशी, नेहमी ‘बाथरूमला जाऊ का’ म्हणणारी. ती शोधायचीत.

शोधायला साधन नाही असं नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ साली ‘डाली’ नावाची चाचणी काढली, हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही. शिक्षकांनी प्राथमिक चाळणी कशी करायची आणि मानसतज्ज्ञानं निदान कसं, दोन्ही त्यात आहे. तुमच्या संदर्भांच्या यादीत तिचं नाव नाही. कॅलिफोर्नियाची तीन संकेतस्थळं मात्र आहेत.

आणि डब्यातल्या पालकांच्या पुस्तिकेत पान दोनवर ‘सहा महिन्यांत बरा होतो’. कोण बरा होतो? हा ताप आहे का? वाचनाची वाट अवघड असते, शिकवलं तर चालता येते, जन्मभर जरा हळू चालावी लागते, एवढंच. कायद्यानं हे कधीच मान्य केलंय. १९९६ साली या मुलांना परीक्षेत सवलती देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर अध्ययन अक्षमता एकवीस प्रकारांमध्ये नावानिशी आहे. आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. ही माहिती आईबापांना हवी असते. त्याऐवजी तुम्ही दोन पानं रंगीत चष्म्यावर खर्च केलीत. निळ्या काचेतून बघितलं की अक्षरं स्थिर होतात म्हणे. त्याला पुरावा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी हे कितीदा सांगितलं, तरी चष्मे विकले जातात, कारण आईला काहीतरी विकत घ्यायचंच असतं. हातात वस्तू असली की वाटतं आपण काही केलं. तुमचा डबाही त्याच गरजेवर विकला जाणार आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का?

फॉन्टचं थोडक्यात. डिस्लेक्सियासाठी म्हणून इंग्रजीत जे खालून जाड फॉन्ट निघाले, तपासल्यावर त्यांनी वाचन सुधारल्याचं दिसलं नाही. मदत झाली ती मोकळ्या जागेची. २०१२ साली इटली आणि फ्रान्समधल्या मुलांना अक्षरांत जास्त अंतर सोडून मजकूर दिला, तर चुका कमी झाल्या, वेग वाढला. हा लेख तुम्ही वाचलेला दिसतोय, कारण तुम्हीही अंतर वाढवलंत. पण कुठे वाढवलंत? सॉफ्टवेअरमध्ये आकडा टाकलात आणि प्रत्येक शब्दाची शिरोरेषा तुटली. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, आपली एका दोरीवर वाळत घातलेली असतात. दोरी तुटली की मुलाला शब्द कुठे संपला तेच कळत नाही. शिरोरेषा अखंड ठेवून आतली अक्षरं रुंद करा, शब्दांमध्ये अंतर वाढवा, ओळींमध्ये तर भरपूर वाढवा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळणार नाही. अक्षराचा आकार चौदा पॉइंटच्या खाली नेऊ नका, लहान वर्गांना अठराही कमीच. कागद आर्ट पेपर नको, मॅपलिथो, नॅचरल शेड. इतवारीत कोणत्याही कागदवाल्याकडे मिळतो, आणि स्वस्त पडतो. ल आणि श मराठी वळणाचे घ्या, हिंदी वळणाचे नकोत, पोर शाळेच्या पुस्तकात एक ल बघणार आणि तुमच्या कार्डावर दुसरा. आणि मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. तुमची ती गोष्टीची फाइल मी फोनला वाचायला लावली. जुन्या फॉन्टमध्ये असल्यामुळे त्यानं ‘डब्ल्यू, डॉलर, उद्गारचिन्ह’ असं काहीतरी म्हटलं. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकता तरी यावं.

संवेदी वाळूचा ट्रे. हे नाव वाचून मी चष्मा काढून पुसला. परदेशातून मागवलेली जांभळी वाळू, प्लॅस्टिकच्या तबकात, चार आकडी किंमत. अरे, धुळाक्षरं हा शब्द कोणत्या भाषेतला आहे? पंतोजींच्या शाळेत पोरं धुळपाटीवर बोट फिरवून अक्षर गिरवायची, तोंडानं त्याचा आवाज काढायची. बोट, डोळा, कान एकाच वेळी. याचंच नाव आता बहुसंवेदी पद्धत. १९४५ नंतर बोर्डीला आणि मग कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, पानं, शंख-शिंपले घेऊन आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवल्या, कारण बाहेरचं महागडं साहित्य तिथं परवडणारं नव्हतं आणि लागतही नव्हतं. इथून वर्धा दीड-दोन तासांवर, सेवाग्रामला नई तालीमची जागा आहे, तिथं एकदा जाऊन बघा हातातून डोक्याकडे शिकणं म्हणजे काय. तुम्ही जांभळ्या वाळूचा विमानखर्च लावलात.

आता गणिताचा कप्पा. तो मला थोडा आवडला, हे सांगून टाकते, नाहीतर म्हणाल म्हातारी नुसती चिडतेच. दशकांच्या काड्या चांगल्या आहेत. पण संख्या-कार्डांवर नुसतं ‘त्रेपन्न’ लिहून सोडलंत. पोराला आधी ‘त्रे’ ऐकू येतं, म्हणून तो तीन आधी लिहितो, मग पाच. ३५. एकोणसाठ म्हटलं की एक आणि साठ ऐकतो, ६१ लिहितो. आणि सात तर किती रूपं घेतो ते मोजा: सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट, सत्याहत्तर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतो? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. विधानसभेपर्यंत गेलं, आडनावांवरून विनोद झाले, संस्कृती बुडाली म्हणे. मंगला नारळीकर बाई समितीच्या प्रमुख होत्या. त्या शांतपणे सांगत राहिल्या की जुनं वाचन काढलेलं नाही, अडखळणाऱ्या मुलाला सोपी पायरी दिली आहे. मी त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीला ‘पन्नास तीन’ म्हणून ५३ लिहायला लावलं. तिनं एका झटक्यात लिहिलं आणि मग माझ्याकडे संशयानं बघितलं, इतकं सोपं असेल तर यात काहीतरी गोम असणार म्हणून. वादात बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी ते तोंड पाहिलं असेल? कार्डाच्या पुढं ‘पन्नास तीन’ लिहा, मागं ‘त्रेपन्न’. उलटायचं कधी ते मूल ठरवेल.

तुमचं मन मोडतंय, दिसतंय मला. ती कोपऱ्यातली मघापासून नख खातेय. मग हेही ऐका. आपल्या भाषेत मंद पोराला काय म्हणतात? ‘ढ’. बाराखडीतलं एक अक्षर उचलून आपण ते वाचता न येणाऱ्याच्या कपाळावर चिकटवलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका पोराला भर वर्गात ढ म्हटलं होतं. तोंडी हिशेब तो माझ्याआधी करायचा. नदीवरची, कोंबड्यांची, बापाच्या सायकलच्या दुकानातली गोष्ट अशी सांगायचा की वर्ग गप्प. वाचायला उभा केला की घामाघूम. मला वाटलं, मुद्दाम करतो. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरानं असाच एक चौदा वर्षांचा मुलगा वर्णन केला होता, ज्याच्या मास्तरांना वाटायचं की शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेत पहिला आला असता. नव्वदहून जास्त वर्षं झाली होती ते छापून, आणि मी महाल भागातल्या शाळेत पट्टी घेऊन उभी होते. तो पोरगा पाचवीत शाळा सोडून गेला. मी त्याच्यावर दया दाखवली असती तर काही झालं नसतं, मला शिकवता यायला हवं होतं. तुमच्या डब्यावर ‘प्रेमाने बनवलेलं’ असं छापलंय, म्हणून सांगितलं.

आता काय करायचं ते. लिहून घ्या. डबा विसरा. या आठवड्यात काहीही बनवायचं नाही. सोमवारी सकाळी अकराला इथं या, चौघंही, रिकाम्या हातानं. एकेका मुलाशेजारी एकेक जण बसायचं. त्याला शिकवायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, ‘सोपं आहे रे’ तर अजिबात म्हणायचं नाही, ज्याला ते अवघड जातं त्याच्यासाठी त्याच्याइतका दुखणारा शब्द नाही. तो वाचेल तेव्हा तुम्ही फक्त लिहायचं: कुठल्या अक्षरावर थांबला, काय म्हणाला, बोट कुठे होतं, मागं कधी गेला. पंधरा दिवस हेच. पंधरा दिवसांनी तुमच्या वहीत एक यादी झाली असेल आणि ती चौघांची चार वेगवेगळी असेल. तेव्हा त्यातली एकच अडचण घ्यायची. एकच. रफार घ्या, नाहीतर भ आणि म घ्या. पुठ्ठा, स्केचपेन, चिकटपट्टी, याच्या बाहेर जायचं नाही. सकाळी बनवा, दुपारी पोराच्या हातात द्या, तो मोडेल, संध्याकाळी दुसरं बनवा. रंग एकाच कामाला वापरायचा, जिथं आवाजाची जागा बदलते तिथं. सजावटीला रंग लावलेला दिसला की मी फाडणार. आणि एप्रिलात, पत्र्याच्या छपराखाली, सकाळच्या शाळेत टिकतं का ते बघायचं. तुमची ही फोमची अक्षरं माझ्या कपाटात दोन दिवसांत सुटली, आतला डिंक वितळून घ आणि ध एकमेकांना चिकटून बसलेत, तेवढं मात्र शास्त्रोक्त झालं.

प्रोजेक्टची तारीख जवळ आहे म्हणता? मग तारीख पुढं ढकलायला सांगा तुमच्या सरांना. नाही ढकलली तर ‘अपूर्ण’ म्हणून द्या. अपूर्ण म्हणून दिलेलं काम मी स्वतः येऊन समजावून सांगेन, बाहेरची परीक्षक म्हणून नाही, तुमच्या बाजूनं.

उठा आता. ती आतली पातेली घ्या, चहा होतोय. साखर तुम्हीच घाला, मला चालत नाही. आणि डबा नेऊ नका, इथंच राहू दे. झाकण सपाट आहे आणि कडा चांगल्या उंच आहेत, कन्हान नदीची रेती चाळून भरली तर त्यात दोन पोरांची बोटं सहज फिरतील. तेवढा आइन्स्टाइन खरवडून द्या जाताना.